जाडीची नक्कल

पासो साउसे गावात कुणाचा कुणावर जीव आहे हे आधी टँकरवाल्यांना कळतं, मग न्हाव्याला आणि सगळ्यांत शेवटी ज्याचं त्याला. विल्मार बेंतांकूरच्या बाबतीतही वेगळं घडलं नाही. दूध संघाच्या हिशेबखात्यातल्या निबियावर त्याचा जीव जडलाय हे टँकरवाले वर्षानुवर्षं बोलत होते. विल्मारला मात्र वाटायचं, आपण फक्त शेजारच्या टेबलावर बसतो.

तसा माणूस साधा. बाप संघाच्या फाटकात दुधाचे कॅन तोलायचा, पोरगाही त्याच काट्यावर लागला. घरी मात्र त्याला रेडिओ उघडायचं वेड. शेजाऱ्यांचे बंद पडलेले रेडिओ स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडे पडलेले, आणि आई त्यांतून वाट काढत बटाटे सोलायची. संघात पहिला संगणक आला तेव्हा त्याचं झाकण काढायची कुणाची छाती होईना. विल्मारने रेडिओचाच स्क्रू-ड्रायव्हर खिशातून काढला आणि झाकण बाजूला ठेवलं. त्या दिवसापासून काटा सुटला आणि तो संघाचा संगणकवाला झाला. लग्नाचं आईने दोनदा काढलं, त्याने दोनदा टाळलं. पुढे आई गेली आणि विषय काढणारंच कुणी उरलं नाही.

संघात एक जुनी मशीन होती. कमरेएवढी उंच, एके काळी पांढरी आणि आता जुन्या लोण्याच्या रंगाची. तिला सगळे जाडी म्हणत. कुणाच्या दुधाला किती फॅट लागली, कुणाचा टँकर आला, कुणाचं दूध नासकं म्हणून परत गेलं, हे सगळं जाडीच्या पोटात. ठेवली होती ती पूर्वीच्या चीज मुरवायच्या खोलीत. तिथे भिंतींना बारा महिने ओल. पण जाडी अशी काही तापायची, की तिच्याभोवतीचा कोपरा तेवढा कोरडा खडखडीत.

आता ज्याला आमच्याकडचा जून-जुलैतला हिवाळा माहीत आहे त्याला तुंब्याचं दुखणं वेगळं सांगायला नको. येर्बाचा कडू काढा आम्ही वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातून पितो, आणि त्या दमट हवेत तुंबा रात्रभर ओला राहिला की सकाळी आत हिरवी लव. म्हणून संध्याकाळी घरी जाताना कचेरीतले सगळे आपापले तुंबे जाडीच्या डोक्यावर पालथे घालून जायचे. रांग लावायचं काम विल्मारचं. हिशेबनीसाचा इथे, प्रयोगशाळेतल्या बाईंचा तिथे. आणि निबियाचा बरोबर मागच्या जाळीवर, जिथून पंख्याची गरम हवा वर येते. आपली ही जागावाटणी कुणाच्या ध्यानात आली नाही अशी विल्मारची खात्री होती.

जाडी म्हातारी झाली. दोनदा मध्येच बंद पडली, आणि दुसऱ्यांदा तिचा वीजपुरवठ्याचा डबा जगात कुठे मिळेना. मग संचालक मंडळाने ठरवलं, एक नवी दणकट पेटी घ्यायची आणि संघातल्या सगळ्या जुन्या मशिनी तिच्यात घालायच्या. घालायच्या म्हणजे लोखंडासकट नव्हे. जाडीच्या डिस्कवरचं अक्षर न् अक्षर उचलायचं आणि नव्या पेटीच्या अंगात आणायचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं जाडीच बोलतेय, नाव तेच, पत्ता तोच, सवयी त्याच. पण जाडी कुठेच नाही. याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. टँकरवाला रुबेन, ज्याला सगळे टकल्या म्हणत, त्याने हे ऐकून एवढंच विचारलं, "मग माझी मेहुणी पण अशीच एखाद्या पेटीत घालता येईल का?"

या कामासाठी मोन्तेविदेओहून माणूस आला. एबेर ओलास्कोआगा. वय विल्मारएवढंच, पण दिसत नव्हतं, आणि विल्मारला पहिला राग आला तो याचाच. गळ्यात राखाडी मफलर, बायको सोडून गेलेली, पण त्याचं दुःख अंगावर शोभेलसं वागवायचा. हातात चांदीच्या काठाचा तुंबा, काठावर त्याच्या नावाची अक्षरं कोरलेली. उतरायला कुठे, तर ओफेलियाच्या खानावळीत वरच्या खोलीत. ओफेलिया म्हणजे निबियाची थोरली बहीण. निबिया राहते तिथेच, खालच्या खोलीत. म्हणजे सकाळी दोघं एकाच दारातून बाहेर पडणार आणि संघापर्यंत बरोबर चालत येणार. टकल्याने पहिल्याच दिवशी टँकरमधून हे पाहिलं आणि फाटकाशी पोचेपर्यंत त्याने मुद्दाम हॉर्न वाजवला नाही.

दहा वाजता कचेरीत येर्बाची फेरी होते. निबिया पाणी ओतते, पहिला तुंबा स्वतः पिते, मग उजवीकडे पुढे. तिच्या उजवीकडे विल्मारची खुर्ची. आजवर दुसरा तुंबा विल्मारचा. त्या दिवशी निबियाने एबेरसाठी खुर्ची ओढली आणि ती ठेवली कुठे? दोघांच्या मधोमध.

"बस रे, लाजू नकोस. आमच्याकडे पाहुण्याला कोपऱ्यात बसवत नाहीत," निबिया म्हणाली.

"मी लाजत नाहीये. पहिल्याच घोटाला इतकी फेसाळ येर्बा मिळेल असं वाटलं नव्हतं, म्हणून थबकलो," एबेर म्हणाला.

फेसाळ! विल्मारने इतकी वर्षं तो फेस प्यायला होता. फेसाबद्दल काही बोलायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुंबा त्याच्यापर्यंत आला तेव्हा त्याने नळीतून ओढलं आणि म्हणाला, "गरम आहे." निबियाने नुसतं पाहिलं.

एबेरने एका रविवारी दुपारी जाडी बंद करून तिची नक्कल उतरवली आणि नव्या पेटीत सुरू केली. पडद्यावर दोन ओळी आल्या आणि सगळं ठप्प. नक्कल म्हणत होती, मला माझी डिस्क सापडत नाही.

विल्मार मागे हाताची घडी घालून उभा. "तिला तुमची पेटी पसंत नाही दिसत," तो म्हणाला. आवाजात काळजी होती, पण मिशीत नव्हती.

"पसंत नाही असं नाही, विल्मार. नव्या घरात आलीये आणि दिव्याचं बटण जुन्या भिंतीवर चाचपतेय. इथली डिस्क वेगळ्या दाराने उघडते. ते दार तिला दाखवलं की झालं."

आणि त्याने ते दाखवलं. जुनी डिस्क वाचणाऱ्या ‘ड्रायव्हर’ प्रोग्रॅमच्या जागी नव्या पेटीचा ड्रायव्हर बसवला, कॉफी थंड व्हायच्या आत नक्कल उठून बसली. विल्मारला वाटलं होतं, निदान संध्याकाळपर्यंत तरी घाम गाळेल.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा प्रोग्रॅम अडून बसला. चालेना. एबेरने सगळं उलटंपालटं केलं. विल्मारला कारण पक्कं ठाऊक होतं. तो प्रोग्रॅम विकताना कंपनीने अंगठ्याएवढी एक किल्ली दिली होती. ती मशीनच्या पाठीत खोचलेली असेल तरच प्रोग्रॅम तोंड उघडतो. किल्ली अजून जाडीच्या पाठीत होती, आणि नक्कलेला पाठच नव्हती. विल्मार गप्प. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि कुणी विचारू नये म्हणून दिवसभर गोदामात केबली मोजत बसला.

दुपारी निबियाच आली. "विल्मार, जाडीच्या मागे ती छोटी किल्ली असते ना? तू एकदा मला दाखवली होतीस. तेच तर नसेल?"

"असेल. बघायला हवं," विल्मार म्हणाला, जणू आत्ताच सुचलं.

एबेरने किल्ली नव्या पेटीला मागून जोडली, ती नक्कलेला दिसेल अशी सोय केली आणि प्रोग्रॅम चालू झाला. शाबासकी कुणाला? "निबिया, तू नसतीस तर मी आठवडाभर डोकं आपटत बसलो असतो." निबिया लाजली. चाळिशी उलटलेल्या बाईला लाजताना विल्मारने पहिल्यांदाच पाहिलं. आपण दाखवलेल्या किल्लीवर ती दुसऱ्याकडे बघून लाजतेय, ही गोष्ट त्याला सलली ती सललीच.

त्याच संध्याकाळी एबेर म्हणाला, "आता जुनीची वीज काढ आणि नेटवर्कची केबलही काढ. दोन्ही. दोघींचं नाव एक, पत्ता एक. चुकून दोघी एकदम जाग्या झाल्या तर निरोप कधी हिच्याकडे जाईल, कधी तिच्याकडे. आणि त्यांच्या आतल्या जुन्या युनिक्स प्रणालीला एवढी अक्कल नाही की माझ्या पत्त्यावर कोण बसलंय म्हणून विचारावं."

"मला शिकवतोस?"

"नाही रे बाबा, आठवण करून दिली."

विल्मार चीजच्या खोलीत गेला. बटण दाबलं. पंखा हळूहळू थांबला. केबलीला हात घातला, आणि सख्ख्या माणसाच्या नाकातली नळी काढायला जसा हात धजत नाही तसं त्याचं झालं. तो बाहेर आला.

"काढल्या?"

"काढल्या."

इथून विल्मारचं फेरीला बसणं सुटलं. दहा वाजले की तो स्वतःचा थर्मास काखेत मारून माल उतरवायच्या धक्क्यावर जायचा आणि एकटा येर्बा ओढत बसायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, ऊन चांगलं पडलंय. ढगाळ असलं तरी हेच. आतून निबियाचं हसणं ऐकू आलं की तो थर्मासचं झाकण उगाच घट्ट करायचा. बाकीच्यांनी तुंब्यांना बुरशी धरायला लागल्यावर काचेचे पेले आणले, कुणी पत्र्याचे. निबियाने काय केलं ते विल्मारला ठाऊक नव्हतं, कारण तो तिच्याकडे पाहतच नव्हता. न पाहण्यासाठी त्याला दिवसभर केवढे कष्ट पडत ते टँकरवाल्यांना विचारा.

आणि मग देवाने त्याचं ऐकलं. नक्कल बिघडली.

बिघाड मोठा विचित्र. पहाटेपासून टँकर येतात, दूध तपासून नोंद होते. एका काउंटरवर नोंद बरोबर दिसायची, शेजारच्या काउंटरवर जूनमधली. कधी नोंद घ्यायची आणि सकाळी नऊला बघावं तर गायब. आणि नऊनंतर दिवसभर सगळं गुण्यागोविंदाने.

टकल्या धक्क्यावरच तंडायला लागला. "कालच्या गाईचं कालचं दूध आणि आकडा गेल्या महिन्यातला! मी आता उलटी गाडी चालवत जूनमध्ये जाऊ का?"

"मला काय विचारतोस? मोन्तेविदेओवाल्याला विचार," विल्मार म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याला येर्बा गोड लागली.

एबेरने काय काय केलं! नक्कलेचं घड्याळ मागे पडतं म्हणून घड्याळ नीट केलं. नेटवर्कची पेटी बदलली. डिस्क तपासली. पुन्हा पहाट उजाडली की टकल्याची आरडाओरड. एकदा तर तो रात्रभर नव्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसला, झोप लागू नये म्हणून येर्बावर येर्बा ओतत. त्या पहाटे एक नोंदही चुकली नाही. दुसऱ्या दिवशी तो झोपायला गेला आणि पुन्हा तेच.

"तिला तू समोर लागतोस," विल्मार म्हणाला. "तिच्याशीच लग्न कर."

एबेर हसला नाही. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "विल्मार, तुला खरंच काही सुचत नाही? तू तिला इतकी वर्षं ओळखतोस."

"ही ती नाहीच. हिला तू ओळखतोस."

संघाचे व्यवस्थापक आल्सीदेससाहेब यांनी शेवटी टेबलावर हात आपटला. "वसंतात दूध दुप्पट येतं. तोवर हे सुधारलं नाही तर ही पेटी परत जाईल आणि तिच्याबरोबर तुम्हीही, ओलास्कोआगा. तोपर्यंत मुक्काम हलवायचा नाही."

पेटी परत जाण्याचं वाक्य विल्मारच्या कानाला संगीतासारखं लागलं. शेवटच्याकडे त्याने लक्षच दिलं नाही.

एके दिवशी तो मुद्दाम पहाटे संघात गेला. टँकरवाले एबेरच्या नावाने बोंबलतात ते जातीने ऐकायचं होतं. धुकं होतं. मागच्या दाराने शिरला आणि चीजच्या खोलीपाशी त्याचे पाय थबकले. आतून आवाज येत होता. तो आवाज विल्मारने झोपेतही ओळखला असता. जाडी घरघरत होती.

दार ढकललं. दिवा लावला. जाडी चालू. मागे नेटवर्कची केबल, त्याने न काढलेली, तिचा हिरवा ठिपका लुकलुकत होता. आणि डोक्यावर, बरोबर मागच्या जाळीवर, विणलेल्या रुमालावर पालथा घातलेला एकच तुंबा. चांदीच्या काठाचा. काठावर एबेरची अक्षरं.

रुमालाची वीण निबियाची. तशी वीण गावात दुसऱ्या कुणाची नाही.

विल्मार तिथेच उकिडवा बसला. त्याच्या डोक्यात आधी आलं ते जाडी आणि नक्कल यांचं भांडण नव्हतं. ते त्याला क्षणात कळलं आणि क्षणात बाजूलाही पडलं. डोक्यात आलं ते हे, की ती जागा त्याने निबियाच्या तुंब्यासाठी राखलेली होती, आणि निबिया तिथे त्या माणसाचा तुंबा वाळवत होती. रोज संध्याकाळी थांबून, बटण दाबून, रुमाल अंथरून, आणि सकाळी नऊला कचेरीत आली की बंद करून. म्हणजे एबेर ज्या भुताशी झटत होता ते भूत त्याच्याच तुंब्यासाठी जागं केलं जात होतं. आणि ज्या रात्री तो तुंबा त्याच्या हातात होता, त्या रात्री वाळवायला काही नव्हतं, म्हणून बिघाडही नव्हता.

राहू दे चालू, त्याच्या मनात आलं. बस बोंबलत. वसंत येईल, पेटी परत जाईल, मफलर परत जाईल. विल्मारने मनातल्या मनात त्याला बसमध्ये बसवलंसुद्धा.

आणि मग आल्सीदेससाहेबांचं शेवटचं वाक्य त्याला आठवलं. तोपर्यंत मुक्काम हलवायचा नाही. म्हणजे नक्कल जितके दिवस बिघडलेली राहील तितके दिवस तो ओफेलियाच्या वरच्या खोलीत राहील, सकाळी निबियाबरोबर चालत येईल, फेसाचं कौतुक करेल. विल्मार इतके दिवस हरखून ज्याची वाट पाहत होता ते त्याच्याच मुळावर येत होतं. त्याला एबेर जायला हवा होता, आणि एबेर जाणार ते यशस्वी होऊनच!

त्याने केबलीला हात घातला, तोच मागून आवाज आला.

"बंद करू नकोस. अजून ओला आहे."

निबिया दारात. अंगावर लोकरीचा पोंचो, नाक थंडीने लाल.

"त्याचा तुंबा तू वाळवतेस?" विल्मार म्हणाला. जाडीबद्दल, नोंदींबद्दल, टकल्याबद्दल काहीच नाही.

"त्याचा नाही. माझा आहे. त्याने दिला. तो रात्रभर जागला तेव्हा तेवढा मागून नेला होता."

"दिला? आणि तू घेतलास?"

"मग काय चुलीतून पिऊ? माझ्या तुंब्याला बुरशी लागली, फेकून दिला. पंधरा दिवस मी मोहरीच्या काचेच्या बाटलीतून येर्बा पीत होते. मोहरीच्या! सगळ्या कचेरीने पाहिलं. तू पाहिलंस?"

विल्मारने जाळीवरच्या रुमालाचं टोक उगाच सरळ केलं.

"त्याने पाहिलं. त्याने स्वतःचा पुढे केला. माझा तुंबा रोज या जाळीवर कोण ठेवतं ते मला ठाऊक नव्हतं असं वाटतं तुला? मी वाट बघत होते, तू येऊन विचारशील, निबिया, जाडी बंद झाली, आता तुझ्या तुंब्याचं काय? तू धक्क्यावर ऊन खात बसलास. ढगातलं."

आता तरी माणसाने क्षमा मागावी. विल्मार म्हणाला, "ही चालू केल्यामुळेच त्याचं काम बिघडतंय."

निबियाचा चेहरा पडला. "काय सांगतोस? यामुळे? पण तू तर म्हणाला होतास, केबली काढल्या. मला वाटलं विजेचीच तेवढी राहिली, नुसती ऊब देते."

"नव्हत्या काढल्या."

दोघंही जाडीकडे बघत उभे राहिले. बाहेर टकल्याचा हॉर्न वाजला. विल्मारने वाकून नेटवर्कची केबल उपसली आणि हिरवा ठिपका विझला. विजेची त्याने राहू दिली.

एबेर आला तसा विल्मार त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "जुनी चालू होती. केबली मी काढल्या नव्हत्या. आणि चालूही मीच करत होतो. तुंबा वाळवायला."

एबेरने त्याच्या काखेतल्या तुंब्याकडे पाहिलं. आतून हिरवा गार, कडेपर्यंत बुरशी. "तुझा? हा?" तो म्हणाला. मग त्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे मी जागलो त्या रात्री… अरे देवा. आणि मी घड्याळ दुरुस्त करत होतो!" तो भिंतीला टेकून खदखदा हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शिवी दिली असती तर विल्मारला परवडलं असतं.

दहाच्या फेरीला आल्सीदेससाहेब स्वतः आले. एबेर उठून उभा राहिला आणि त्याने बिघाडाचं असं काही कारण सांगितलं की बास. पहाटेच्या थंडीत जुन्या वायरिंगमधून परावर्तित होणारा काहीतरी प्रवाह, आणि तो नक्कलेच्या पत्त्याशी जुळून येणं. एक अक्षर खरं नव्हतं. आल्सीदेससाहेब मान हलवत ऐकत होते. हिशेबनीसबाबू तर चक्क लिहून घेत होता. एबेर म्हणाला, "दोष कुणाचाच नाही. आणि शोधून काढलं ते विल्मारने."

निबिया एबेरकडे बघत होती. विल्मारने ती नजर पाहिली आणि त्याचा जीव पुन्हा जळायला लागला. खोटं बोलायला तोही गेला होता. सगळा दोष अंगावर घ्यायला गेला होता! पण याचं खोटं किती ऐटदार, किती गुळगुळीत! आपण खोटं बोललो तर हिरव्या तुंब्यासकट पकडले गेलो, आणि हा खोटं बोलला तर लोक लिहून घेतात.

निबियाने थर्मास टेबलावर आदळला.

"पुरे झालं. मी काय काचेची आहे? आल्सीदेससाहेब, प्रवाहबिवाह काही नाही. जुनी मशीन रोज संध्याकाळी मी चालू करत होते. तुंबा वाळवायला. मला ठाऊक नव्हतं, पण केलं मी."

आल्सीदेससाहेबांनी चष्मा काढला.

"कुणाचा तुंबा?"

मशीन गेली, नोंदी गेल्या, वसंत गेला. सगळ्या कचेरीला आता एवढंच हवं होतं. प्रयोगशाळेतल्या बाई दारात येऊन उभ्या. खिडकीत टकल्याचं टक्कल.

"येर्बा पिण्याचा," निबिया म्हणाली आणि पाणी ओतायला लागली.

गुरुवारी एबेरचं काम संपलं. नक्कल पहाटेही नीट चालली, दुपारीही. संध्याकाळी निबिया टेबल आवरताना विल्मारला म्हणाली, "शनिवारी सकाळी तो जातोय. मलाही चल म्हणाला. त्याच्या चुलतबहिणीचं लग्न आहे मोन्तेविदेओला, रात्री नाचबिच."

"मग?"

"उद्या सांगते म्हटलं."

"आज गुरुवार."

"वार कळतात मला, विल्मार. हिशेबखात्यात आहे मी."

विल्मारने टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, परत ठेवला. बाहेर टँकर धुण्याचं पाणी वाहत होतं. त्याच्या जागी एबेर असता तर फेसाबद्दल, चंद्राबद्दल, लग्नाबद्दल काहीतरी सुंदर बोलला असता, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याचाही त्याला मत्सर वाटला.

"नको जाऊस," तो म्हणाला.

"का?"

"माझा जळफळाट होतो."

निबियाने पर्सची चेन अर्धवट लावून ठेवली. "कधीपासून?"

"तो आल्यापासून. त्याआधी कुणी आलंच नव्हतं."

"म्हणजे हे कळायलाही तुला तोच लागला?"

विल्मारने विचार केला. खरंच होतं. हेही त्या मफलरवाल्याचंच देणं निघालं. त्याचं तोंड इतकं कडू झालं, की निबियाला हसू आवरेना. ती हसली, तीच, धक्क्यावर ऐकू यायची तशी. मग चेन पूर्ण लावून म्हणाली, "रविवारी दुपारी जेवायला ये. ओफेलियाला सांगते. बाकीचं काही मी अजून बोललेली नाही, लक्षात ठेव."

शनिवारी एबेर एकटाच बसमध्ये चढला. टकल्याने स्वतः पाहिलं, म्हणून गावाला कळलं.

रविवारी विल्मार इस्त्रीचा शर्ट घालून गेला. ओफेलियाने त्याला बसवलं ते टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर, आणि वाढता वाढता सुरू झाली. "इथेच बसायचा तो एबेर. काय गोड माणूस! माझी सारण भरलेली राव्हिओली इतकी आवडायची त्याला, की रविवारी तीन-तीन थाळ्या. तीन! आणि शेवटी पावाने रस्सा पुसून खायचा. असं खाणारं माणूस असलं की वाढणाऱ्याला…"

"ओफेलिया, जेवू दे त्याला," निबिया म्हणाली.

विल्मारला तेलकट सोसत नाही. डॉक्टरने टोमॅटोच्या रश्श्याला बंदी केलेली. त्याने पहिली थाळी संपवली, दुसरी संपवली. तिसऱ्या थाळीला त्याच्या कपाळावर घाम आला आणि त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं. निबिया टेबलापलीकडून त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिला सगळं कळत होतं आणि ती मदत करत नव्हती.

तिसरी थाळी त्याने पावाने पुसली, लख्ख. ओफेलिया पातेलं उचलून आत न्यायला निघाली, तेव्हा विल्मारने तिच्यापुढे थाळी धरली.

"अजून?" ओफेलिया म्हणाली.

"थोडी," विल्मार म्हणाला. "भरून."